मिस लुएला जमिनीवर उतरत नाही

धूर दिसला तेव्हा डेल्सिना पाइनच्या झाडाखाली बसून घरजावयाला शिव्या घालत होती.

घरजावई वरच्या फांदीवर चोच पुसत बसला होता. अंगाने हिरवागार, कपाळ पांढरं, गळा लाल. दिसायला राजबिंडा आणि कामाला शून्य. त्याची बायको लाकडी पेटीत पिल्लं पोटाखाली घेऊन बसलेली. हा पठ्ठ्या दिवसभर रानात चरायचा, परत येऊन फांदीवरूनच तिला हाक मारायचा, ती बाहेर आली की चार घास तिच्या चोचीत ओतायचा आणि चालता व्हायचा. पेटीच्या दारात पाऊल टाकायचं नाव नाही. पिल्लं अंड्यातून बाहेर आली तरी नाही.

"अरे मेल्या, बाप ना तू त्यांचा? एकदा डोकावून तरी बघ आत! की तेही मीच करू?"

घरजावयाने मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

हे नाव गावाने ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते पोपटासाठी नव्हतंच. डेल्सिनाचा नवरा रूफस मूळचा सँडी पॉइंट गावचा. लग्न झाल्यावर इथे, क्रॉसिंग रॉक्स गावात, तिच्या आईच्या घरात राहायला आला आणि तिथेच मुरला. संध्याकाळी पायरीवर पाय पसरून बसायचा आणि तिथूनच ताट मागवायचा. म्हणून डेल्सिनाच्या पेटीत राहायला आलेल्या मादीने नर आणला आणि तो काही केल्या आत पाऊल टाकेना, तेव्हा चर्चच्या दारात कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, हा तर आपला रूफस!" झालं. नाव तिथेच पक्कं झालं. रूफस स्वतःही पोट धरून हसला होता.

मादीचं नाव मिस लुएला. खरी मिस लुएला म्हणजे गावातली शाळेची बाई. गावातलं एकुलतं एक दुमजली घर तिचं, आणि ती मरेपर्यंत वरच्याच मजल्यावर राहिली. पाहुणा आला तरी खाली ओट्यावर येऊन बसायची नाही, खिडकीतून मान काढून बोलायची. पोपटीण अगदी तश्शी. जमिनीला पाय लावला तर विटाळ होईल, असा तोरा.

आणि हा तोरा तिला डेल्सिनाने शिकवलेला होता.

आमच्या बेटावरचा पोपट बिळात राहतो. बाकीच्या जगातला ढोलीत राहतो म्हणे, राहो बापडा. इथे पाइनच्या रानात माती बोटभर, खाली सगळी चुनखडी, आणि चुनखडीला जागोजाग भोकं. त्या भोकांत उतरून पोपटीण अंडी घालते. ते काही वेडेपणाने नाही. पावसाआधीच्या दिवसांत रान पेटतं, आग नेच्यांवरून सरसरत पुढे निघून जाते आणि खाली दगडात बसलेल्या पिल्लाला धगसुद्धा लागत नाही. आगीपासून बीळ राखतं. मांजरापासून नाही राखत.

मांजरं पूर्वीही होती. पण मोठ्या वादळात घरं उडाली, माणसं राजधानीला, नासाऊला निघून गेली, मांजरं मागे राहिली आणि पोट भरायला रानात शिरली. पुढच्या विणीला डेल्सिना रोज रानात जायची आणि रोज पिसं गोळा करून आणायची. अभयारण्याची राखणदार ती. राखायला काही उरेल की नाही, याचीच तिला धास्ती पडली. बिळात बसलेली मादी मांजराला दारातच सापडते, मागे पळायला वाट नसते.

तेव्हा नासाऊच्या ऑफिसातल्या डॉक्टर ऑलिव्हबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "पाखरू जिथे डोळे उघडतं ना डेल्सिना, तेच त्याला घर वाटतं. मोठं झाल्यावर तसंच शोधत फिरतं." हे वाक्य डेल्सिनाच्या डोक्यात घर करून बसलं. आईला मांजराने नेलेल्या एका बिळातून तिने डोळे न उघडलेली पिल्लं बाहेर काढली, बिळाशेजारच्याच पाइनवर उंच पेटी टांगली आणि त्यांना तिथे वाढवलं. माणसाची सवय लागू नये म्हणून बोलायची नाही, तोंड दाखवायची नाही. फडक्याआडून चमच्याने भरवायची. खोडावर मांजर चढू नये म्हणून पत्र्याचा रुंद पट्टा ठोकला आणि त्याला वंगण फासलं. लोक म्हणाले, डेल्सिनाला उन्हाची तिरीप लागली. रूफस म्हणाला, "पोपटाला माडी बांधून दिलीस, मला कधी देतेस?"

पिल्लं उडून गेली आणि वर्षं गेली. डेल्सिना दर विणीला पेटी साफ करून वाट बघायची. आणि यंदा पायात तिने घातलेली कडी असलेली एक मादी आली. ती बिळांपाशी गेलीही नाही. रानावर दोन घिरट्या घातल्या आणि सरळ पेटीत शिरली. डेल्सिना त्या दिवशी घरी जाऊन इतकी रडली की आईने विचारलं, कोण गेलं?

आता पेटीत तीन पिल्लं होती. गुलाबी, कुरूप, गळ्याशी फुगलेली. त्यांचे डोळे अजून मिटलेले होते, पण पापण्यांना फट पडायला लागली होती. आज-उद्याकडे उघडणार. ते पेटीत उघडले की झालं. मग ही तिघं आणि त्यांची पोरं मांजराच्या तोंडी जाणार नव्हती. एवढ्यासाठीच डेल्सिना सकाळपासून झाडाखाली ठाण मांडून बसली होती.

आणि तेवढ्यात दक्षिणेला धूर दिसला.

आधी बारीक रेघ होती. डेल्सिनाने वारा बघितला. वारा समुद्राकडे होता. मग जाईल तिकडे, ती मनात म्हणाली. पण तेवढ्यात तिला सकाळची एक गोष्ट आठवली. चूल पेटवायला ती फळीवरची काड्यापेटी शोधत होती आणि काड्यापेटी जागेवर नव्हती. शेवटी तिने शेजारून लायटर आणला. रूफस कुत्री घेऊन पहाटेच बाहेर पडला होता. "कुठे?" तिने झोपेतच विचारलं होतं. "खेकडे बघून येतो," तो म्हणाला होता.

खेकडे! अजून पावसाचा थेंब नाही आणि म्हणे खेकडे. पाऊस पडल्याशिवाय खेकडा बिळातून बाहेर येतो काय? हे शेंबड्या पोरालाही माहीत. झोपेत होती म्हणून तिने ते ऐकून घेतलं.

रूफस डुकराला गेला होता. आणि रूफसच्या घराण्यात डुकराची शिकार एकाच पद्धतीने होते. जुना नेचा जाळायचा, चार दिवसांत कोवळे कोंब येतात, कोंब खायला रानडुकरं येतात. त्याचा बाप असंच करायचा, बापाचा बापही. रूफस चालायला लागला तेव्हा त्याच्या हातात काडी दिली होती म्हणतात. पेटीत मादी आली तेव्हा त्याने डेल्सिनाला शब्द दिला होता की यंदा काडी लावणार नाही, देवाशपथ.

तिने फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग तिने मार्श हार्बरला बंबासाठी फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, बंब दुसऱ्या आगीवर आहे, सुटला की लगेच पाठवतो, तुम्ही तिथून निघा. "निघा म्हणे!" ती फोनवर ओरडली. "लेकरं वर टांगून कुठे निघू?" त्या बिचाऱ्याला काय कळणार कसली लेकरं. तो म्हणाला, "लेकरांना घेऊन निघा, बाई."

आणि वारा फिरला.

ते तिला आधी अंगावर कळलं. मानेला गार लागत होतं ते थांबलं आणि तोंडावर गरम झुळूक आली. रेघ होती तिची भिंत झाली. भिंतीच्या बुडाशी लाल दिसायला लागलं. पाखरांचे थवे डोक्यावरून उत्तरेकडे निघाले. घरजावई फांदीवरून उठला, एक कर्कश हाक मारली आणि धुरात दिसेनासा झाला.

"पळ, पळ!" डेल्सिना ओरडली. "तेवढं बरं जमतं तुला!"

मिस लुएला बाहेर आली नाही. पेटीच्या भोकात तिचं पांढरं कपाळ एकदा दिसलं आणि आत गेलं.

डेल्सिनाने खोडाला हात घातला. शिडी अभयारण्याच्या खोपीत कुलपात होती; तिकडे जाऊन परत येईपर्यंत सगळं खाक झालं असतं. ती खोडाला मिठी मारून वर सरकली, हात पत्र्याच्या पट्ट्यापर्यंत पोचला आणि वंगणावरून सटकला. पुन्हा चढली, पुन्हा घसरली. मांजराला चढता येऊ नये म्हणून केलेली व्यवस्था अगदी चोख होती. गुडघे सोलले, तळहात काळे झाले, आणि ती खाली बसून त्या पट्ट्याला, वंगणाला आणि ते फासणाऱ्या स्वतःच्या हातांना शिव्या द्यायला लागली.

मागून गाडीचा आवाज आला. रूफसचा खटारा नेचे तुडवत, पाइनच्या खोडांतून वाट काढत येत होता. मागे कुत्री भुंकत होती. रूफसने दार उघडं ठेवूनच ब्रेक मारला. त्याचा चेहरा काजळीने माखला होता आणि भुवया जळाल्या होत्या.

"डेल! बस गाडीत! बस आधी!"

"तू लावलीस?"

"वारा फिरला गं, मी—"

"तू लावलीस का ते सांग!"

"लावली! झालं समाधान? आता बस, नाहीतर दोघंही भाजून निघू!"

तिने त्याच्या कानशिलात दिली. तीही साधीसुधी नाही. वंगणाची पाचही बोटं त्याच्या गालावर उठली. रूफसने गाल चोळला नाही. त्याने वर पेटीकडे बघितलं, खोडाकडे बघितलं, मग गाडीत बसला आणि गाडी मागे घेत झाडाला आणून भिडवली.

"चढ टपावर," तो म्हणाला.

ती टपावर चढली, तो तिच्यामागे चढला आणि उकिडवा बसला. "खांद्यावर पाय दे. अगं दे ना, आता कसली लाज!" ती त्याच्या खांद्यांवर उभी राहिली. तो कण्हत कण्हत सरळ झाला. पट्टा तिच्या कमरेपाशी आला आणि पेटी तोंडासमोर. खालून त्याचे पाय थरथरत होते ते तिला जाणवत होतं.

"लवकर कर, डेल. तुझं वजन आता लग्नातलं राहिलं नाही."

"तुझी अक्कल मात्र लग्नातलीच राहिली!"

पेटीची मागची फळी तारेने बांधलेली होती. तार गरम झाली होती. तिने ती उलगडली, फळी सरकवली आणि हात आत घातला. मिस लुएलाने अंगठ्याच्या मुळाशी असा चावा घेतला की डेल्सिनाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण हात काढला नाही. "सोड गं माझ्या आई, सोड! तुझ्याच लेकरांसाठी आलेय!" मादी पंख आपटत भोकातून बाहेर पडली आणि धुरात किंचाळत फिरायला लागली. डेल्सिनाने एकेक पिल्लू उचललं. रक्ताने हात ओला झाला होता आणि पिल्लं त्यातून निसटत होती. तिसरं हातात आलं तेव्हा तिने तिन्ही पोलक्याच्या आत, छातीशी सोडली.

खाली उतरेपर्यंत आग जवळ आली होती. नुसती दिसत नव्हती, ऐकू येत होती. बुटके माड तडतडत होते.

"चल, घरी नेऊ," रूफस म्हणाला. "घरी वाढव त्यांना."

"रस्ता आहे का?"

त्याने मागे बघितलं. येतानाची वाट पेटली होती. "रस्ता नाही," तो म्हणाला. "पण काळं आहे." त्याला म्हणायचं होतं, जिथून आग जाऊन झाली ती जळलेली जमीन. आगीला तिथे पुन्हा खायला काही नसतं. "समोरची आगीची रांग पातळ आहे, नेचाच आहे नुसता. गाडी त्यातून घालतो आणि पलीकडे काळ्यात जाऊन थांबू. काचा वर घे, फडकं ओलं कर."

आग कशी पळते हे रूफसला कळत होतं, हे डेल्सिनाला माहीत होतं. तिला भीती वाटली ती त्याची नाही. तिने छातीवर हात ठेवला. आत तीन उघडे जीव धापा टाकत होते. त्या धुरातून गाडी घातली तर माणूस खोकून मोकळा होतो. पाखराची छाती केवढी! काळ्यात पोचेपर्यंत तिच्या पोलक्यात तीन मेलेली पिल्लं असती.

आणि पायाशी बीळ होतं. तेच. जिथून तिने मिस लुएलाला काढलं होतं.

काय करायला हवं हे तिला समजलं. इतक्या वर्षांची मेहनत, लोकांचं हसणं, ती वाट बघणं, सगळं एका गोष्टीसाठी: पिल्लाचे डोळे जमिनीत उघडू नयेत. आणि आता तिच्याच हाताने ती त्यांना जमिनीत घालणार होती.

"डेल!"

"थांब!"

ती पोटावर झोपली आणि खांद्यापर्यंत हात बिळात घातला. आत गार होतं. एवढा वणवा तोंडावर आलेला आणि आत विहिरीच्या काठासारखं गार. एकेक पिल्लू तिने आत वळणापलीकडे ठेवलं, जिथे दगड आत झुकतो. तोंडावर चपटा दगड अर्धा सरकवला. मग रूफसने तिला कमरेला धरून उचललं आणि अक्षरशः गाडीत फेकलं.

त्यानंतर काय झालं ते तिला नीट आठवत नाही. काचेबाहेर सगळं नारिंगी झालं, कुत्री माणसासारखी रडली, गाडीचं कुठलं तरी रबर जळाल्याचा वास आला, आणि रूफस मोठमोठ्याने प्रार्थना म्हणत होता की शिव्या देत होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग धक्का बसला आणि उजेड पांढरा झाला. गाडी काळ्यात होती. दोघंही दार उघडून खाली पडली आणि खोकत राहिली.

खोकला थांबल्यावर रूफसने खिशातून काड्यापेटी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती उचलून दूर फेकली नाही की काही नाही. नुसती बघत राहिली.

"बापाने शिकवलं तेच केलं," तो म्हणाला. "हात आपोआप जातो गं. नेचा वाळलेला दिसला की हात खिशात जातो. शब्द दिला होता ते नंतर आठवतं."

"गप्प बस," ती म्हणाली. "आता एक अक्षर बोलू नकोस."

पायाखालची धग कमी झाल्यावर ती परत झाडापाशी आली. झाड उभं होतं; पाइन असा मरत नाही. पण पेटी गेली होती. पत्र्याचा पट्टा काळा पडून वाकला होता आणि ज्या खिळ्यावर पेटी टांगली होती तो खिळा तेवढा शिल्लक होता. डेल्सिनाने बिळावरचा दगड काढला आणि कान लावला. काही नाही. तिने हात आत घातला, चाचपडली, आणि बोटाला काहीतरी ऊबदार लागून हललं. मग एक चिरकी, भुकेलेली तक्रार आली. मग दुसरी. मग तिसरी.

"आहेत!" ती ओरडली. "तिन्ही आहेत रे!"

रूफस मटकन राखेत बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

पण लढाई संपली नव्हती. भुकेलं पिल्लू किती वेळ काढणार? दुपार कलली तशी मिस लुएला आली. किंचाळत झाडाभोवती फिरली, मग त्या खिळ्यापाशी पंजे रोवून खोडाला चिकटून बसली. जिथे पेटीचं दार होतं तिथे मान घालून बघितलं. तिथे हवा होती. ती पुन्हा उडाली, पुन्हा आली, पुन्हा तिथेच बघितलं.

खालून पिल्लं हाका मारत होती. तिला ऐकू येत होतं, यात शंका नाही. ती मान वाकडी करून खाली बघायची. एकदा तर सगळ्यात खालच्या जळक्या फांदीवर आली. डेल्सिनाने श्वास धरला.

"उतर," ती पुटपुटली. "उतर गं बाई. चार पावलं आहेत. तुझीच आहेत ती."

मिस लुएला जमिनीवर उतरली. एक पाऊल टाकलं. बिळाच्या काठाशी येऊन एका डोळ्याने त्या अंधारात बघितलं. आत तिची पिल्लं आकांत करत होती, तिच्या चोचीत घास होता, आणि ती शहारून मागे सरली. पंख फडफडवत वर, त्या खिळ्यापाशी. ऊन उतरेपर्यंत हेच चाललं. उतरायची, काठावर यायची, शहारायची, परत वर.

"तिला कळत का नाही?" रूफस कळवळून म्हणाला. "आतच तर आहेत!"

"तिला ते घर वाटतच नाही, रूफस. तिच्या लेखी ते नुसतं भोक आहे." डेल्सिनाचे डोळे वाहत होते आणि तिने ते पुसले नाहीत. "तिला असं मी केलंय. हे बीळ तिच्या आईचं होतं. मी शिकवलं नसतं तर ती आत्ता धावत आत गेली असती."

"मी पेटवलं नसतं तर तिला आत जावंच लागलं नसतं," रूफस म्हणाला.

सूर्य पाइनच्या मागे गेला. पिल्लांचे आवाज बारीक झाले. मिस लुएलाने शेवटची एक हाक मारली आणि ती न जळलेल्या रानाकडे उडून गेली. ती परतली नाही. डेल्सिनाला कळून चुकलं की हे संपलं. आता घरी नेऊन फडक्याआडून भरवणं आलं, ऐन वाढीतल्या पिल्लांना, आणि त्यातलं एखादं जगलं तर जगलं. ती उठली आणि बिळापाशी गुडघे टेकायला निघाली.

तोच डोक्यावर पंख वाजले.

घरजावई आला. गळा भरलेला, कुठून तरी दूरवरून चरून आलेला. नेहमीच्या फांदीवर बसला आणि नेहमीसारखी बायकोला हाक मारली. बायको आली नाही. पुन्हा मारली. खालून तीन बारीक आवाज आले.

"जा तू पण," डेल्सिना त्याच्यावर खेकसली. "जा! तुझ्याच्याने काय होणार आहे?"

घरजावयाने मान वाकडी केली. मग तो खाली उतरला. राखेत पाय टेकले, पोपट चालतात तसा डुलत डुलत चालत आला, डेल्सिनाच्या हातभर अंतरावरून, तिच्याकडे ढुंकूनही न बघता. बिळाच्या काठाशी थांबला नाही, वाकून बघितलं नाही, विचार केला नाही. बाजारातून आलेला माणूस स्वतःच्या घराचं दार लोटतो तसा तो आत गेला.

आतून आधी गलका झाला. मग तो एकेक करून थांबला. घास गिळल्याचा गुळगुळ आवाज तेवढा राहिला.

डेल्सिना तोंडावर हात धरून उभी होती. त्याच्या पायात कडी नव्हती. हा बिळात वाढलेला. एवढे दिवस तो पेटीत शिरत नव्हता तो आळशी होता म्हणून नाही. मिस लुएलाला बीळ जसं परकं, तशी त्याला पेटी परकी. बिचारा फांदीवरून हाका मारत बसायचा आणि ती त्याला रोज शिव्या घालायची.

"अगं," रूफस हळूच म्हणाला, "हा तर—"

"श्श."

घरजावई बाहेर आला. हिरव्या छातीवर राख लागली होती. पंख झटकले आणि पुढच्या घासासाठी उडाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्सिनाने टॉर्च घेऊन बिळात बघितलं. सगळ्यात थोरल्या पिल्लाचा एक डोळा उघडला होता. काळा, ओला, मण्याएवढा. तो डोळा पहिल्यांदा जे बघत होता ते होतं चुनखडीचं छत, आणि वर उजेडाचा एक गोल. झालं तर मग. हे पोर मोठं होऊन बीळच शोधणार. तिला वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी त्या डोळ्याकडे बघून इतका आनंद झाला की ती तशीच राखेत बसून राहिली. पेटी नवी बनवता येईल, पण या तिघांना आता वर नेता येणार नव्हतं. भरवणारा खालीच येत होता.

रूफस रात्रभर तिथेच होता. पाइनच्या बुंध्याला टेकून बसलेला, मांडीवर बंदूक. जळल्या रानात मांजरांची चंगळ असते, लपायला काही नसतं म्हणून सगळं सावज उघड्यावर येतं, हे त्याला सांगावं लागलं नव्हतं. डेल्सिनाने डब्यातून जॉनीकेकचा जाड पाव आणि तुरीचा भात आणला होता. त्याने तो हाताने खाल्ला, बंदूक न सोडता.

"डोळे उघडले?" त्याने विचारलं.

"एकाचा. तोही एकच."

"म्हणजे ही जमिनीतच घर करणार, मोठी झाली की."

"हो."

"आणि मांजरं?"

डेल्सिनाने त्याच्या मांडीवरच्या बंदुकीकडे बघितलं. रूफसने बोटं चाटली, डबा बाजूला ठेवला आणि पुन्हा बुंध्याला टेकला.

"मग मला इथेच बसावं लागणार तर," तो म्हणाला. "दर विणीला."

"जन्मभर," ती म्हणाली.

घरजावई आला आणि दोघांच्या मधून डुलत डुलत बिळात गेला. रूफस पाय आखडून घेऊन त्याला वाट करून देत म्हणाला, "डेल, त्याला आता घरजावई म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

आत पिल्लांचा गलका झाला आणि थांबला.

"बाप म्हण," रूफस म्हणाला.